अक्कांचा गुडघा

माझ्या डॉक्टरकीत मी जितके गुडघे ऐकले, तितके एखाद्या हाडांच्या डॉक्टरनेही ऐकले नसतील. वास्तविक गुडघ्याशी माझा काडीचा संबंध नाही. मी बायकांची डॉक्टर. त्यातही, बाळंतपणांनी आणि ओझ्यांनी गर्भपिशवी सैल होऊन खाली उतरते, ज्याला आपल्याकडे 'अंग बाहेर येणं' म्हणतात, त्या दुखण्याची. पुण्याला शिकून मी जळगावात दवाखाना थाटला आणि दारावर हे सगळं शुद्ध मराठीत, ठळक अक्षरात लिहून घेतलं. ती पाटी वाचून बाई आत यायची, स्टुलावर अर्धवट टेकायची, पदर तोंडाला लावायची आणि म्हणायची, "गुडघा दुखतो."

सुरुवातीला मी खरोखर गुडघे तपासले. दाबले, वाकवले, मलम लिहून दिलं. बाई खट्टू होऊन जायची आणि महिन्याभराने पुन्हा तोच गुडघा घेऊन यायची. शेवटी आमच्या सिस्टरने मला शहाणं केलं. ही सिस्टर फैजपूरची, माझ्याहून वयाने मोठी आणि ते मला विसरू न देणारी. ती म्हणाली, "मॅडम, आपला दवाखाना पहिल्या मजल्यावर. गुडघा दुखणारी बाई जिना चढून येईल का?"

त्या दिवसापासून मी गुडघा म्हटलं की पडदा ओढायला लागले. बारा बाळंतपणांत न लाजलेल्या बायका या एका गोष्टीला लाजत होत्या. नवऱ्याला सांगायचं नाही, सुनेला कळू द्यायचं नाही, शेजारणीला तर नाहीच नाही. वर्षानुवर्षं कापडाची घडी बांधून निंदणी करायची, पाणी आणायचं, कापूस वेचायचा. बातमी फुटली तर बाई दुखण्याने मरायची नाही, पण लाजेने मेलीच समजा. तेव्हा बरं करण्याआधी गुप्त ठेवणं, हे माझं पहिलं काम.

एवढं सगळं शिकल्यावर तरी अक्कांना मी पहिल्याच भेटीत ओळखायला हवं होतं. अक्का म्हणजे धरणगावच्या पुढच्या एका खेड्यातल्या माजी सरपंचांची बायको. दीड वर्ष त्यांच्या घरी मी शिबिरं घेतली, त्यांच्या हातचं पाणी प्याले, शेवभाजी खाल्ली, आणि त्या दीड वर्षात अक्का माझ्यासमोर एकदाही बसल्या नाहीत. जगातल्या कुठल्याही माणसाला हे लक्षात आलं नसतं तरी चाललं असतं. मला यायला हवं होतं. मला वाटलं, बाई तोऱ्यात आहे.

सुरुवात झाली ती एका पोस्टकार्डाने. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शहरातल्या काही मंडळींची एक जीप होती, ती महिन्यातून एकदा आम्हाला खेड्यांवर घेऊन जायची. अशात माजी सरपंचांचं कार्ड आलं. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. मजकूर तीन ओळींचा. 'आमच्या गावी बायांसाठी शिबिर घ्यावे. बाया सांगत नाहीत. जेवणाची सोय होईल.' मी तिसऱ्या ओळीला हसले आणि दुसरी ओळ वाचलीच नाही म्हणा ना.

दिवाळी झाल्यावर आम्ही गेलो. आमचा जीपचा ड्रायव्हर पूर्वी तंबूतल्या सिनेमाची जाहिरात करत फिरायचा. कर्णा हातात आला की त्याला जुने दिवस आठवत. मी त्याला शांतपणे 'बायकांच्या आजारांची मोफत तपासणी' एवढंच सांगायला लावलं होतं. गावाच्या वेशीतून आत शिरता शिरता त्याने आवाज लावला, "माता-भगिनींनो! आपल्या गावात प्रथमच! गर्भाशयाचे समस्त विकार! फक्त आज, फक्त एक दिवस! येताना सहकुटुंब, सहपरिवार या!"

सहपरिवार आला तो पुरुषांचाच परिवार. शाळेच्या वर्गात मी टेबल मांडून बसले, आणि बाहेर व्हरांड्यात ग्रामपंचायतीची लोखंडी खुर्ची टाकून आबा बसले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, दोन्ही हात काठीवर. आलेल्या प्रत्येकाला रामराम. म्हाताऱ्यांनी रक्तदाब मोजून घेतले, एकाने कानातला मळ काढून मागितला. बाई मात्र एक आली नाही. लांबून दोघी-तिघी यायच्या, खुर्चीतल्या आबांना पाहायच्या, डोक्यावरचा पदर ओढायच्या आणि हातातली घागर नसतानाही विहिरीकडे वळायच्या. मी दोनदा आबांना म्हटलं, "आबा, तुम्ही घरी जाऊन जरा पडा." ते म्हणाले, "नही, नही. मी बरा शे आठेच." आणि तिथेच बसले. दुपारपर्यंत मला त्या खुर्चीचा आणि खुर्चीतल्या माणसाचा असा संताप आला की, जेवायची सोय नसती तर मी तशीच परत फिरले असते.

जेवायला त्यांच्याच घरी बसलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. अक्का उभ्याने वाढत होत्या. उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी म्हटलं, "अक्का, बसा की तुम्हीपण." त्या म्हणाल्या, "मी बठनू तं वाढी कोन?" घरात दोन सुना हाताशी होत्या. मी मनात म्हटलं, घ्या, यांच्याशिवाय वाढणारं कुणी नाही म्हणे.

पुरुष उठून गेल्यावर अक्का जवळ आल्या आणि थेट म्हणाल्या, "डॉक्टरीन बाई, इतलं शिकन्यात, पन अक्कल कोठे ठेई उन्यात?"

मला असं बोलायची कुणाची टाप नव्हती. माझा नवराही आधी अंदाज घेऊन बोलायचा. पण भूक लागली होती आणि भरीत फक्कड होतं, म्हणून मी खात राहिले.

"त्या खुर्चीवर आबा बठेल शेतस," अक्का म्हणाल्या. "त्यासनासमोरतीन कोनती बाई मझार जाई? आनि शाळामा काय म्हनीसन जाई? पाटी-पेन्सिल लिसन?"

"मग काय करू?"

"चैतमा या. बिबडा करसूत. बठ्ठ्या बाया येतीन."

बिबडे हा आमच्या खानदेशचा ज्वारीचा पापड. ज्वारी भिजवून, भरडून, तिखटमीठ-लसूण-तीळ घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने थापायचा. हे एकटीचं काम नाही. आज हिच्या घरचे, उद्या तिच्या घरचे, अशा गल्लीतल्या सगळ्या बायका पाळीने एकमेकींकडे जमतात. कुणी कुणाला विचारत नाही की बाई, एवढ्या सकाळी कुठे निघालीस. बाईच्या हातात तांब्या आणि ओलं फडकं दिसलं की नवरासुद्धा वाट सोडतो.

"आणि पुरुष आले तर?" मी विचारलं.

"माणसं येवाव नहीत. ते मी देखसू."

चैत्रात मी नऊवारीसारखं घट्ट कासोट्याचं काही नेसून नाही, पण निदान साधं सुती पातळ नेसून, गळ्यातला स्टेथोस्कोप पिशवीत लपवून गेले. अक्कांच्या परसात चूल पेटली होती, बाजांवर ओली धोतरं अंथरली होती, आणि पंचवीस-तीस बायका घाटा थापत होत्या. परसाला लागून धान्याच्या कोठीची खोली. तिथे सिस्टरने ज्वारीच्या पोत्यांवर फळ्या टाकून तपासायचं टेबल उभं केलं होतं. अक्का परसाच्या मधोमध उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. "व पोरी, मझारतीन तीळ आन." तीळ आणायला गेलेली बाई पाव तासाने हात हलवत यायची, आणि तिळाचं नाव कुणी काढायचं नाही. मग दुसरीला मीठ आणायला पाठवायच्या.

तासाभरात आबा आले. परसाच्या दारात काठी टेकून आत डोकावायला लागले. मी हात धुऊन बाहेर आले होते, तो घाईघाईने घाट्यात हात घातला. घाटा उकळता होता. बोंब मारता येईना, म्हणून मी दात आवळून एक बिबडा थापला. त्याचा आकार आपल्या जिल्ह्याच्या नकाशासारखा झाला.

तेवढ्यात अक्का कडाडल्या, "तठेच थांबा! माणूसनी सावली पडनी का बिबडा फुटी जातस!"

आबा दचकून दोन पावलं मागे गेले. मग जरा विचार करून म्हणाले, "हाई कव्हयपासून? आम्हनी मायनी वख्तले तं असं काही नव्हतं."

"तुम्हनी मायना बिबडा फुटीच जायेत," अक्का म्हणाल्या.

आबा गेले. बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. हा नियम अक्कांनी त्या क्षणी, आमच्या डोळ्यांदेखत काढला होता. पण तो असा काही पसरला की विचारू नका. पुढच्या उन्हाळ्यात आसपासच्या चार गावांत बिबडे असले की पुरुष आपण होऊन वावरात निघून जायला लागले. बऱ्याच वर्षांनी दोंडाईचाला एका लग्नात एक पागोटेवाले आजोबा मला पंगतीत समजावून सांगत होते की पुरुषाच्या सावलीने बिबडे फुटतात, ही आपल्याकडची फार पुरातन चाल आहे आणि हल्लीच्या पोरींना ती ठाऊक नाही. मी मान डोलावून ऐकून घेतलं.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात आम्ही कितीतरी बायका तपासल्या. कुणाला पिशवी वर धरून ठेवणारी रबराची रिंग बसवली, कुणाला व्यायाम शिकवले, कुणाला ऑपरेशनसाठी जळगावला आणलं. परतताना प्रत्येक वेळी जीपमध्ये बिबड्यांचा डबा असायचाच, कारण बिबडे करायला गेलेली बाई रिकाम्या हाताने गेली तर संशय यायचा. आमच्या घरी माळ्यावर बिबडे, पलंगाखाली बिबडे. नवऱ्याने एकदा अगदी नम्रपणे विचारलं की तुझ्या पेशंटांना चकल्या करता येत नाहीत का.

दुसऱ्या वर्षीच्या चैत्रातली ती सकाळ. उन्हं लवकर चढली होती. कोठीच्या खोलीत घामाने माझे डोळे चुरचुरत होते. मी श्वास घ्यायला परसात आले, तर अक्कांची धाकटी सून चुलीपाशी हातावर फुंकर घालत बसलेली. घाट्याचं पातेलं ती सकाळपासून एकटी चढवत-उतरवत होती आणि तिच्या पंजाला हे एवढाले फोड आले होते. मी पाहायला लागले तर ती पुटपुटली, "काय करो ताई, आत्याबाई पातेलाले हात लावतस नही. नुसता हुकूम सोडतस."

अक्का समोरच उभ्या होत्या. नेहमीप्रमाणे. कमरेवर हात.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला तसं फारसं काही लागत नाही. मी भर परसात, सगळ्या बायांसमोर म्हटलं, "अक्का, कधीतरी स्वतः हात लावा की! सदा न् कदा उभं राहून हुकूम सोडता. ती पोर मेली कामाने. तुम्हाला काय झालंय धाड भरल्यासारखं?"

थापणारे हात थांबले.  अक्कांनी पदर खोचला, दोन फडकी घेतली, चुलीपाशी गेल्या आणि ते पातेलं उचललं. सुना "आत्याबाई, आत्याबाई" करत धावल्या, त्यांना त्यांनी नजरेनेच थांबवलं. दोन पावलं चालल्या. पातेलं नीट, न सांडता खाली ठेवलं. आणि मग भिंतीला हात लावून, दोन्ही पाय एकमेकांना घट्ट आवळून उभ्या राहिल्या. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. ओठ पांढरे पडले होते.

मला अजूनही कळलं नव्हतं. कोठीच्या दारातून सिस्टरने पाहिलं आणि ती हळूच म्हणाली, "मॅडम, अक्कांचा गुडघा."

 एका क्षणात सगळं दिसलं. उभ्याने वाढणं, उभ्याने जेवणं, पेशंट बायांना घेऊन माझ्यासोबत जळगावला येताना एस.टी.त जागा असून दांडी धरून उभं राहणं. ज्या दुखण्याची मी तज्ज्ञ म्हणवत होते, ते दीड वर्ष माझ्यासमोर उभं होतं, आणि मी त्याला तोरा म्हणत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. परसातल्या सगळ्या बायांनाही कळलं होतं. त्यांच्यातल्या निम्म्याजणी त्याच 'गुडघ्या'साठी आत जाऊन आलेल्या.  एकीने पातेल्यातला घाटा घेतला आणि पुन्हा थापायला सुरुवात केली. मग दुसरीने. धाकटी सून तेवढी हातावरचे फोड विसरून रडत होती.

आत फळ्यांवर अक्कांना निजवलं. कापडाच्या तीन-तीन घड्या करून, लंगोटासारख्या आवळून बांधल्या होत्या. पिशवी पूर्ण बाहेर आलेली, घासून घासून जखम झालेली; बसलं की सगळा भार त्या जखमेवरच. शेवटच्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलं होतं, तेव्हापासून. अठरा वर्षं.

"अक्का, अहो, मग तुम्ही दीड वर्ष गप्प का राहिलात?" माझा आवाज नको तितका चढला होता, पण तो रागाने नव्हता.

अक्का छताकडे बघत म्हणाल्या, "तुम्हनं तोंड देखं मी. या घरनी गोट त्या घरले सांगतस का, ते देखं. तुम्हीन नही सांगी." मग म्हणाल्या, "आनि बठ्ठ्यासनं पहिले. मंग मन्हं." सगळ्या बायांचं आधी, मग स्वतःचं.

रिंग त्यांना बसणारी नव्हती. ऑपरेशनच करायला हवं होतं, आणि तेही लवकर. अक्का तयार झाल्या. अट एकच. "त्यासले समजाले नको." त्यासले म्हणजे आबांना.

मी खूप समजावलं. नवऱ्याची सही लागेल, दहा दिवस दवाखान्यात राहावं लागेल, काय सांगणार? अक्कांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मला पुन्हा एकदा 'अक्कल कुठे ठेवून आलात' असं विचारताहेत, हे स्पष्ट दिसलं.

तर अशा रीतीने सबंध गावाला कळलं की अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन जळगावला आहे. आबा सोबत आले. फॉर्म इंग्रजीत होता. ऑपरेशन कशाचं ते मी बोलले नाही आणि आबांनी विचारलं नाही. चष्मा लावून त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचल्यासारखा केला आणि वळणदार सही ठोकली. मला अपराधी वाटत होतं, पण ही अक्कांची गोष्ट होती आणि ती कुणाला सांगायची हे त्यांनीच ठरवायचं होतं.

ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आल्याआल्या अक्कांनी विचारलं, गुडघ्याला काही बांधलंय की नाही. सिस्टरने डाव्या गुडघ्याला असं जाडजूड बँडेज बांधलं, की हाडांच्या दवाखान्यातसुद्धा इतकं प्रेक्षणीय बँडेज कुणी बांधलं नसेल. गावाहून माणसं भेटायला यायची ती आधी त्या बँडेजला नमस्कार करायची. ड्रायव्हरभाऊ नारळपाणी घेऊन आला आणि अक्कांच्या कानाशी वाकून म्हणाला, "फक्त दहा दिवस, अक्का." त्याला कर्ण्याशिवाय असं हळू बोलता येतं, हे मला नवीनच कळलं. आठव्या दिवशी गावातला एक खरोखर गुडघे गेलेला गृहस्थ आला आणि मला सोडेचना. "अक्कांचं केलं तसंच माझंही करा. टाके कुठे घालता तेवढं दाखवा." बाहेर येऊन त्याने चार जणांना सांगितलं, आणि पुढचा महिनाभर माझ्या जिन्यावर गुडघे धरून पुरुष चढत होते. शेजारच्या गल्लीतल्या हाडांच्या डॉक्टरने मला फोन करून विचारलं की मॅडम, माझं काही चुकलं का.

घरी सोडताना मी अक्कांना बजावलं. ओझं उचलायचं नाही, पातेलं नाही, घागर नाही. जमिनीवर उकिडवं बसायचं नाही. खुर्चीवर बसायचं. अक्का म्हणाल्या, खुर्ची तर गावात एकच आहे.

दीड महिन्याने मी तपासायला गेले. वळणावरून जीप आत शिरली आणि मी ड्रायव्हरभाऊला थांबायला सांगितलं. अक्कांच्या घराच्या ओट्यावर ती ग्रामपंचायतीची लोखंडी खुर्ची होती. खुर्चीत अक्का बसल्या होत्या. ऐसपैस, पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. आणि खाली पायरीवर आबा बसले होते. टोपी बाजूला काढून, मांडीवर तेलाची वाटी ठेवून, अक्कांच्या उजव्या गुडघ्याला तेल चोळत होते. भर गावात बायको खुर्चीवर आणि नवरा पायरीवर, असं त्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. जाणारे-येणारे बघायचे, मग 'गुडघा' असं एकमेकांना सांगून पुढे जायचे.

आत नेऊन तपासलं. जखम भरली होती, सगळं जागच्या जागी होतं. मग अक्कांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला, आणि माझ्यासोबत, माझ्या शेजारी पलंगावर बसून बशीने चहा प्यायल्या.  बशी रिकामी झाली तशी मी ती पुन्हा भरली. चहा पिऊन त्या पुन्हा ओट्यावरच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

निघताना आबा मला जीपपर्यंत पोचवायला आले. गुपित राखल्याचा मला जरा गर्व झाला होता, आणि गर्व झाला की मी आगाऊपणा करते. मी म्हटलं, "आबा, ऑपरेशन डाव्या गुडघ्याचं झालंय. तुम्ही तेल उजव्याला लावताय."

आबांनी मागे वळून ओट्याकडे पाहिलं, अंतराचा अंदाज घेतला आणि आवाज उतरवला.

"डॉक्टरीन बाई, तिना दोन्ही गुडघा बेस शेतस. माले मालूम शे."

मी जीपच्या दारावरचा हात काढला.

"एक घरमा ऱ्हातस आम्ही. अठरा वरीस ती मन्हासमोर बठनी नही. माले समजाव नही का?" काठीने मातीत रेघ ओढत ते म्हणाले, "इचारं असतं तं ती लाजी मरती. म्हनीसन तुम्हले कार्ड धाडं."

तेव्हा मला कार्डावरची ती दुसरी ओळ आठवली. बाया सांगत नाहीत. आणि मग तो पहिला दिवस आठवला, ती खुर्ची आणि माझा सगळा संताप.

"अहो आबा, मग त्या दिवशी दिवसभर खुर्ची अडवून का बसलात? तुमच्यामुळे एक बाई आत आली नाही!"

आबा ओशाळले. सत्तरीतला माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली बघायला लागला.

"ती येस का, ते देखी ऱ्हायंतू," ते म्हणाले. "दिवसभर वाट देखी."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ड्रायव्हरभाऊ आरशातून बघत होता, म्हणून मी चष्मा पुसला.

"तिले सांगू नका, माले मालूम शे ते," आबा म्हणाले. "इतला वरीस लपाडं तिनं. तिले वाईट वाटी."

मी कबूल केलं. आता अक्कांचं गुपित आबांपासून आणि आबांचं अक्कांपासून, असं दोन्हीकडून मला राखायचं होतं. जीपचं इंजिन सुरू झालं. आबा जरा विचारात पडल्यासारखे उभे होते. मग पुढे येऊन त्यांनी खिडकीतून विचारलं, "कोनता म्हने? डावा?"

"डावा," मी म्हटलं.

ते परत गेले, पायरीवर बसले आणि वाटी उचलून अक्कांच्या डाव्या गुडघ्याकडे सरकले. अक्कांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा लांबून जीपमधल्या माझ्याकडे पाहिलं. मग उजवा पाय मागे घेतला आणि डावा पुढे केला.